अक्षरांचा स्वभाव येतो कुठून?

मागच्या वर्षी आजोबा गेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. दिवस चालू असतानाच काकाने तेराव्याची पत्रिका करायला टाकली आणि संध्याकाळी डीटीपीवाल्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना आला. मजकूर अगदी बरोबर होता. नाव, तिथी, वार, वेळ, कार्यालयाचा पत्ता, खाली 'शोकाकुल' आणि आम्हा सगळ्यांची नावं, भोवती काळी चौकट. पण फोन हातात घेतल्या घेतल्या आत्या म्हणाली, "अरे, हे तर बारशाचं आमंत्रण वाटतंय!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घरात सगळे हसले.

अक्षरं गुबगुबीत होती. कोपरे गोल, रेघा जाड, पोटं फुगलेली. एकही शब्द चुकलेला नव्हता, तरी सगळं चुकलं होतं. काकाने फोन लावला तर तो बिचारा गोंधळला. म्हणे, "चांगला आहे की फॉन्ट, सगळीकडे चालतो हा."

आत्या कॉमर्सची पदवीधर आहे, तिने आयुष्यात कधी फॉन्ट या विषयाचा विचार केलेला नाही. मग तिला अर्ध्या सेकंदात काय दिसलं? वाचताना डोळे आणि मेंदू मिळून काय करतात हा माझ्या अभ्यासाच्या शेजारचाच विषय, त्यामुळे त्या रात्री माझ्या डोक्यात हेच घोळत राहिलं. आजची पोस्ट त्यावर.

आधी शब्दाचं थोडं. काटेकोर बोलायचं तर अक्षरांच्या एका रूपाला म्हणायचं टाइपफेस, आणि ते रूप ज्या फाइलमधून आपल्या कंप्युटरवर येतं तो फॉन्ट. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हीला फॉन्टच म्हणतो, मीही इथे तेच करणार आहे. पण मराठीत याहून जुना आणि जास्त चांगला शब्द आहे: वळण. अक्षराला वळण असतं आणि मुलालाही वळण लावतात. म्हणजे अक्षराच्या आकारात स्वभाव असतो हे आपल्या भाषेने आधीच धरून चाललंय. प्रश्न एवढाच की हा स्वभाव आकारातच असतो, की आपण तो त्याला चिकटवतो?

आकाराच्या बाजूने सगळ्यात प्रसिद्ध पुरावा म्हणजे बूबा आणि किकी. कागदावर दोन आकृत्या काढा, एक ढगासारखी गोलगोल, दुसरी काचेच्या तुकड्यासारखी टोकदार. यातली बूबा कोणती आणि किकी कोणती? तुम्ही गोल आकृतीला बूबा म्हणाला असाल, जवळपास सगळेच म्हणतात. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर याने १९२९ साली असाच खेळ वेगळे शब्द घेऊन मांडला होता. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांच्या लेखामुळे तो बूबा-किकी या नावाने सगळीकडे पोचला. शब्द निरर्थक, आकृत्या निरर्थक, तरी जोड्या ठरलेल्या.

अक्षरांबाबतही असं होतं. २०१५ साली वेलास्को, स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळे फॉन्ट दाखवून विचारलं, याची चव कशी असेल? प्रश्न वेडगळ वाटतो, पण उत्तरं वेडगळ नव्हती. गोल वळणाच्या अक्षरांना लोक गोड म्हणत होते. टोकदार अक्षरं कडू, खारट, आंबट. आपल्याकडे हे आधीच कुणाला तरी कळलं होतं बहुतेक, कारण एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेल्या एका देवनागरी फॉन्टचं नावच 'मोदक' आहे. त्यातली अक्षरं इतकी भरलेली आहेत की आतल्या मोकळ्या जागांची फक्त एक बारीक फट उरते. त्या फॉन्टमध्ये 'शोकाकुल' लिहून बघा म्हणजे आत्याचं म्हणणं पटेल.

मग झालं ना सिद्ध, की गोल म्हणजे गोड? इथे एक फार छान प्रयोग आडवा येतो. नामिबियातल्या हिंबा लोकांसोबत ब्रेमनर आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ साली छापून आलेला. ज्यांच्याशी हा प्रयोग केला त्यांच्या जगण्यात लिहिणं-वाचणं नव्हतं. ना जाहिराती, ना वेष्टनं, ना पाट्या. बूबा आणि किकी मात्र त्यांनी आपल्यासारखंच जुळवलं. म्हणजे आवाज आणि आकार यांचं नातं बरंच खोलवरचं असावं. पण चव आणि आकार जुळवायला सांगितल्यावर त्यांच्या जोड्या पाश्चात्त्य लोकांपेक्षा वेगळ्या निघाल्या. गोल म्हणजे गोड हे निदान काही अंशी तरी शिकलेलं आहे, दुकानाच्या फळ्यांवरून.

आकार एवढी सुरुवात करून देतो. पुढचं सगळं ओळखीवर चालतं, म्हणजे ते अक्षर याआधी आपल्याला कुठे भेटलं होतं, यावर. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जर्मनीतलं आहे.

जर्मनीत शेकडो वर्षं पुस्तकं फ्राक्टूर नावाच्या अक्षरांत छापली जात. टोकदार, काळी, मोडलेल्या काड्यांसारखी अक्षरं. युरोपातल्या बाकीच्या देशांनी हळूहळू गोल रोमन अक्षरं घेतली, जर्मन मात्र फ्राक्टूरला धरून राहिले. 'आपली' अक्षरं कोणती यावरून तिथे इतका वाद पेटला की १९११ साली तो त्यांच्या संसदेत, राइशटागमध्ये, गेला. पुढे नाझी आले. त्यांनी सुरुवातीला फ्राक्टूरला खरं जर्मन अक्षर म्हणून डोक्यावर घेतलं. आणि मग ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमनच्या सहीने एक परिपत्रक निघालं, की ही तथाकथित गॉथिक अक्षरं जर्मन नाहीतच, ती ज्यूंची अक्षरं आहेत, यापुढे वापर बंद. याला कसलाही ऐतिहासिक आधार नव्हता. खरं कारण बहुधा व्यवहाराचं होतं, कारण जिंकलेल्या देशांत ही अक्षरं कुणाला धड वाचता येत नव्हती. गंमत म्हणजे त्या परिपत्रकाच्या माथ्यावरचं छापील लेटरहेड गॉथिक अक्षरांतच होतं.

एवढं होऊनही आज सर्वसामान्य माणसाला फ्राक्टूर दिसलं की नाझी आठवतात! ज्यांनी बंदी घातली त्यांच्याच नावावर ती अक्षरं जमा झाली. आणि त्याच कुळातली गॉथिक अक्षरं न्यू यॉर्क टाइम्सच्या मस्तकावर आहेत, तिथे ती जुनी आणि भरवशाची वाटतात. मोटरहेडसारख्या बँडच्या नावात ती भीतिदायक वाटतात. बिअरच्या बाटलीवर पारंपरिक, दंडावरच्या टॅटूत दांडगी. रेघा साधारण त्याच. अर्थ आकारातच असता तर एका आकाराला इतके परस्परविरोधी स्वभाव कसे मिळाले असते?

कॉमिक सॅन्सची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तरी थोडक्यात सांगते. १९९४ साली मायक्रोसॉफ्टमध्ये व्हिन्सेंट कोनेअर याने एका नव्या प्रोग्रॅममध्ये कार्टूनमधला कुत्रा टाइम्स न्यू रोमन अक्षरांत बोलताना पाहिला आणि त्याला ते खटकलं. (अगदी आत्यासारखंच, फक्त उलट्या बाजूने.) म्हणून त्याने कॉमिक्सच्या हस्ताक्षरासारखी अक्षरं काढली. कुत्र्याच्या तोंडी ती शोभली असती. पण ती जगभरच्या कंप्युटरवर गेली आणि लोकांनी ती ऑफिसच्या सूचनांपासून दवाखान्याच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे वापरली. ४ जुलै २०१२ रोजी सर्नमध्ये हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा फाबिओला जानोत्ती यांच्या स्लाइड्स कॉमिक सॅन्समध्ये होत्या, आणि इंटरनेटवर कित्येक लोक कण सोडून फॉन्टवरच बोलत राहिले. दोन वर्षांनी १ एप्रिलला सर्नने 'यापुढे आमचं सगळं कॉमिक सॅन्समध्येच' असं जाहीर करून त्या सगळ्यांची फिरकी घेतली ते बरं केलं.

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. देवनागरीचं पारंपरिक वळण बोरूतून आलं. बोरूचं टोक तिरकं छाटतात, आणि देवनागरीसाठी तो छाट रोमन लेखणीच्या उलट दिशेने असतो. त्यामुळे रोमन अक्षरांत तिरपी रेघ ज्या दिशेला बारीक होते त्या दिशेला आपल्याकडे जाड होते. छापखाने आले तेव्हा हेच जाड-बारीक वळण शिशाच्या खिळ्यांत उतरवलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि तिथल्या खिळ्यांचा दर्जा असा होता की संस्कृत ग्रंथ छापावा तर निर्णयसागरने असं देशभर झालं. अ, झ आणि ण ही आज आपण लिहितो ती रूपं एकेकाळी 'मुंबई वळणाची' म्हणून ओळखली जात. उत्तरेत या अक्षरांची वेगळी रूपं चालायची, ती हळूहळू मागे पडली.

म्हणून होतं असं, की ठसठशीत जाड-बारीक अक्षर दिसलं की आपल्याला पोथी आठवते, पंचांग आठवतं, देव्हाऱ्यातलं स्तोत्रांचं पुस्तक आठवतं. त्या रेघेत मूळचं पावित्र्य वगैरे काही नाही. शंभर-दीडशे वर्षं पवित्र मजकूर त्या अक्षरांत छापला गेला, इतकंच. तेच कुंचल्याच्या फटकाऱ्यांचं. ती अक्षरं पाहून आपल्याला गड-किल्ले, मोर्चा, चौकातला फ्लेक्स आठवतो. कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षकं रेखाटायचे तेव्हा नाटक विनोदी की रडवणारं ते तिकीट काढण्याआधी अक्षरांवरूनच कळायचं. त्यांनी आपल्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांना ही भाषा शिकवली असं मला वाटतं. आणि मंगल! रघुनाथ कृष्ण जोशींसारख्या मोठ्या सुलेखनकाराने तो विंडोजच्या पडद्यावर वाचता यावा म्हणून घडवला, नाव इतकं शुभ ठेवलं, आणि आज मंगलमध्ये काही दिसलं की निदान मला तरी परिपत्रक आल्यासारखं वाटतं. यात मंगलचा काय दोष? माझ्या कॉलेजच्या सगळ्या नोटिसा त्यात यायच्या.

इथपर्यंत भावनेचं झालं. पण फॉन्टमुळे माणसाचा विचार बदलतो का? या प्रश्नाचं संशोधन म्हणजे आमच्या क्षेत्राला शिकवण देणारी एक वेगळीच कहाणी आहे.

२००८ साली साँग आणि श्वार्त्झ यांनी विद्यार्थ्यांना एका व्यायामाच्या सूचना वाचायला दिल्या. काहींना साध्या एरियलमध्ये, काहींना वळणदार ब्रश अक्षरांत. मग विचारलं, हा व्यायाम करायला किती वेळ लागेल? एरियलवाल्यांचा सरासरी अंदाज ८.२ मिनिटं, ब्रशवाल्यांचा १५.१ मिनिटं. वाचायला पडलेले कष्ट त्यांनी नकळत व्यायामाच्या खात्यात टाकले. हे मला पटण्यासारखं वाटतं, आणि औषधाच्या सूचना, विम्याचे कागद, परीक्षेचे अर्ज लिहिणाऱ्यांनी हे वाचावं असंही वाटतं. पण प्रयोग लहान होता हे विसरायचं नाही. का, ते पुढे बघा.

हे कोडं सोडवा: बॅट आणि बॉल मिळून ११० रुपये. बॅट बॉलपेक्षा १०० रुपयांनी महाग. बॉल कितीचा? पटकन तोंडात येतं १०, बरोबर उत्तर आहे ५. असल्या तीन कोड्यांची एक प्रसिद्ध चाचणी आहे. २००७ साली ऑल्टर आणि सहकाऱ्यांनी ती ४० विद्यार्थ्यांना दिली, निम्म्यांना स्वच्छ अक्षरांत आणि निम्म्यांना फिकट, बारीक, तिरक्या अक्षरांत. स्वच्छ अक्षरं वाचणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांनी निदान एक तरी चूक केली, अवघड अक्षरं वाचणाऱ्यांपैकी फक्त ३५ टक्क्यांनी. निष्कर्ष असा निघाला की वाचायला त्रास झाला की मेंदू जागा होतो आणि नीट विचार करतो. केवढी सुंदर कल्पना! पुस्तकांत गेली, भाषणांत गेली. शाळेच्या नोट्स मुद्दाम वाईट फॉन्टमध्ये द्याव्यात इथपर्यंत लोक पोचले. २०१८ साली ऑस्ट्रेलियात 'सॅन्स फर्गेटिका' नावाचा फॉन्टच निघाला, तुटक तुटक अक्षरांचा, लक्षात राहावं म्हणून बनवलेला.

मग २०१५ मध्ये मायर आणि बऱ्याच जणांनी मिळून मूळ प्रयोगासकट असे १७ प्रयोग एकत्र केले. ४० च्या जागी हजारो माणसं. परिणाम गायब. वाईट अक्षरांनी कोडी सोडवायला काहीही मदत होत नव्हती. २०२० साली सॅन्स फर्गेटिकाची स्वतंत्र तपासणी झाली, त्यातूनही स्मरणशक्तीला मदत झाल्याचं दिसलं नाही.

आणखी एक आकडा सांगते. २०१२ मध्ये एरल मॉरिस या चित्रपटकाराने न्यू यॉर्क टाइम्समध्ये वाचकांना न सांगता एक प्रयोग केला. पृथ्वी लघुग्रहांपासून पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे अशा अर्थाचा एक उतारा, आणि खाली प्रश्न, हे तुम्हाला खरं वाटतं का? वरवर ही तुम्ही आशावादी की निराशावादी याची चाचणी होती. खरं म्हणजे वेगवेगळ्या वाचकांना तो उतारा सहा वेगवेगळ्या फॉन्टमध्ये दिसत होता. सुमारे ४५ हजार लोकांनी उत्तरं दिली. बास्करव्हिल या जुन्या, भारदस्त फॉन्टला थोडा जास्त होकार मिळाला. थोडा म्हणजे किती? शंभरात एक-दीड. कंपनीच्या जाहिरातीला एवढंही पुरेल, पण 'फॉन्ट बदला आणि जग जिंका' म्हणायला नक्कीच नाही.

तर माझं मत विचाराल तर अक्षरांचं रूप आपल्या मनात एक ओळख जागी करतं, तीही क्षणात आणि जोरात. त्यापुढे बुद्धीवर होणारा परिणाम लहान आहे, आणि जिथे मोठा दिसला तिथे बहुतेक वेळा माणसं कमी होती. आणखी एक गोष्ट. चवीपासून लघुग्रहांपर्यंत, फॉन्टचे म्हणून वर सांगितलेले सगळे प्रयोग रोमन अक्षरांतले आहेत. देवनागरीत शिरोरेषा आहे, वर-खाली मात्रा-वेलांट्या आहेत, जोडाक्षरं एकावर एक बसतात. तिथले निकाल उचलून 'मराठी जाहिरातीत गोल फॉन्ट वापरा' असं सांगणारे लोक मला भेटतात तेव्हा मी विषय बदलते.

पण ओळखीवर सगळं चालत असेल, तर आपल्या डोळ्यांना कुणाची ओळख घडतेय हे महत्त्वाचं ठरतं. याचं उत्तर मला अण्णांच्या पत्रिकेच्या दुसऱ्या नमुन्यात मिळालं.

डीटीपीवाल्याने दुसऱ्या दिवशी फॉन्ट बदलून पाठवला. गंभीर, जाड-बारीक, शोभणारा. आत्या म्हणाली, "आता ठीक आहे." बाबा मात्र बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा अण्णांचा ल नाही."

अण्णांचं नाव विठ्ठल. मराठीतला ल दोन पाकळ्यांचा असतो. हिंदीतल्या ल ला उजवीकडे सरळ दंड असतो. नमुन्यात दंडाचा ल आला होता. शिवाय ठ्ठ एकाखाली एक न बसता पाय मोडून शेजारी शेजारी उभा होता. अण्णा पोस्टात होते. आयुष्यभर सही करताना त्यांनी तो ल दोन पाकळ्यांचाच काढला, शेवटची पाकळी जरा लांबवून.

हे का होतं ते सांगते. आजच्या बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही ल असतात. पण समोर आधी येतो दंडाचा, आणि मराठी ल आत ठेवलेला असतो. 'हा मजकूर मराठी आहे' असं प्रोग्रॅमला सांगितलं तरच तो बाहेर येतो. वेबपेजवर ही एका छोट्या खुणेची गोष्ट आहे, पण ती खूण कुणी घालत नाही. काही फॉन्टमध्ये तर मराठी ल मुळातच नसतो. श चंही तेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढून मराठीत ल आणि श कसे असावेत हे ठरवून दिलं आहे. तरी मोबाइलवर मराठी वाचत मोठी होणारी मुलं दंडाचाच ल रोज पाहतात, आणि ओळख तर पाहण्यातूनच होते. माझ्या सात वर्षांच्या भाचीने मी हाताने लिहिलेल्या ल कडे बोट दाखवून विचारलं होतं, "मावशी, हे बदाम का काढलंस?"

काकाने पुन्हा फोन लावला. डीटीपीवाला आधी म्हणाला, "काका, ल म्हणजे लच की हो." मग त्याला फोटो पाठवला, अण्णांच्या जुन्या पासबुकावरच्या सहीचा. थोडा वेळ काही उत्तर नाही. रात्री साडेनऊला त्याचा मेसेज आला, वडिलांच्या वेळचा जुना कंप्युटर काढलाय, त्यात श्रीलिपी आहे, सगळी पत्रिका त्यात परत टाइप करायला लागेल, सकाळी देतो.

सकाळी पत्रिका आली. ठ खाली ठ, आणि पुढे दोन पाकळ्यांचा ल. आतल्या ओळीत वार चुकून सोमवारचा मंगळवार झाला होता, तो बाबांनी फोनवरून दुरुस्त करून घेतला.